पोलादी दात, प्लॅस्टिकचं पोट

नाटकाची समीक्षा नाटक बघून करतात. पुस्तकाची, निदान काही जण तरी, पुस्तक वाचून करतात. माझ्यावर मात्र परवा गिअरबॉक्सची समीक्षा करायची पाळी आली, आणि तीही स्वतः तो बसवून.

गंगापूर रोडला राहणाऱ्या माझ्या भाच्याने वर्षभराचे खाऊचे पैसे साठवून रेडिओवर चालणारा 'पँथर' रणगाडा घेतला. मूळ जर्मन रणगाड्याच्या एक-सोळांश. तोफेसकट पावणेदोन फूट लांब. आठ दिवसांत त्याच्या पोटातल्या प्लॅस्टिकच्या चक्रांचे दाते पडले. मग ताईने पोलादी दात्यांचे दोन गिअरबॉक्स मागवले.

"मामा, तू बसवशील ना?" भाच्याने विचारलं. नाही कसं म्हणणार? मामाची पत एकदा गेली की कुठलीही बँक ती परत देत नाही.

प्रथम माहितीपत्रक. नऊ चित्रं, वाक्य एकही नाही. नवकाव्याच्या चाहत्यांना आवडावं. दोन बाजूंच्या पट्ट्यांना दोन गिअरबॉक्स. एक पट्टा हळू, दुसरा जोरात, की गाडी वळते. पण डावा म्हणजे कुणाचा डावा? बघणाऱ्याचा की आत बसलेल्या जर्मनाचा? मी माझा धरला. तारा उलट जोडल्या गेल्या, आणि एक पट्टा पुढे व दुसरा मागे पळून रणगाडा दिवाणखान्यात स्वतःभोवतीच प्रदक्षिणा घालू लागला. सोमेश्वराला जायची गरजच उरली नाही.

मोटारीचं चिमुकलं चक्र मोठ्या चक्राला भिडवताना मधे कागदाची पट्टी धरायची, स्क्रू आवळायचे, पट्टी काढून घ्यायची. तेवढी फट हवीच. घट्ट बसवलं तर मोटार कण्हते, सैल ठेवलं तर दाते घसरतात. वर बोटभर ग्रीस. इथवर करणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण. दाते सुबक, चाल दमदार.

मग रणगाडा उंबरठ्याला भिडला. अडला, गुरगुरला, आणि 'कट्' असा आवाज झाला. दाते शाबूत होते. ज्या प्लॅस्टिकच्या खुंटांत स्क्रू बसले होते, ते खुंटच तळासकट उखडले. भाचा काही बोलला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

माझा आक्षेप आहे तो इथे. प्लॅस्टिकचा दाता हा निव्वळ कमकुवतपणा नव्हता, तो फ्यूज होता. स्वतः जाऊन बाकीचं वाचवत होता. चूक एका खात्यातून दुसऱ्यात ढकलली म्हणून ताळेबंद जुळत नाही. पोलादी दाते विकणाऱ्याने तळाला लावायची पत्र्याची पट्टी आणि चार ओळींची सूचनाही द्यायला हवी.

मूळ पँथरचं तरी काय वेगळं होतं? इंजिन सातशे अश्वशक्तीचं, वजन वाढत वाढत सुमारे ४५ टनांवर गेलेलं; पण पट्ट्याच्या चाकाजवळच्या शेवटच्या गिअरांना ते पेलवेना. १९४७ च्या फ्रेंच अहवालाने त्यांचं सरासरी आयुष्य १५० किलोमीटर सांगितलं. म्हणजे नाशिकहून मुंबईवर स्वारी निघाली, तर ती ठाण्याच्या आसपास आटोपणार!

शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून ॲल्युमिनियमची पट्टी आणली, तळाला आरपार नटबोल्ट मारले. रणगाडा उंबरठा चढला. भाचा टाळ्या पिटून म्हणाला, "मामा, आता काय तुटेल रे?"

मी उंबरठ्याकडे बघितलं. सागवानी आहे. ताईला अजून काही बोललेलो नाही.