सैनिकी रजेतील ‘दिवस’: एका अर्थनिर्णयाची चिकित्सा

अमेरिकेच्या संघीय सरकारचे जे नोकर राखीव सैन्यात किंवा नॅशनल गार्डमध्ये असतात, त्यांना लष्करी सेवेसाठी व प्रशिक्षणासाठी पगारी रजा देण्याची तरतूद तेथील संहितेच्या पाचव्या शीर्षकातील 6323 व्या कलमात आहे. दीर्घकाळ या रजेची मर्यादा वर्षाला 15 दिवस होती. ही तरतूद वरवर पाहता इतकी सुबोध आहे की, तिच्यात वादाला जागा असेल असे वाटत नाही. परंतु ‘दिवस’ म्हणजे कोणता दिवस, हे कलमाने स्पष्ट केले नव्हते; आणि या मौनातूनच अनेक वर्षे चालत आलेला अन्याय उद्भवला.

प्रशिक्षणकाळात येणारे सुटीचे वारही रजेतून वजा करावयाचे, अशी खात्यांची रूढी होती. सलग 14 दिवसांच्या शिबिरात, आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्या नोकराचे कामाचे दिवस 10 भरतात. त्याच्या खात्यातून मात्र 14 दिवस वजा होत. उरलेल्या एका दिवसात वर्षातील अन्य लष्करी कर्तव्ये भागली नाहीत, तर त्याने आपली वार्षिक रजा खर्ची घालावी किंवा वेतनास मुकावे, असा याचा परिणाम होता. वस्तुतः रजा ही कर्तव्यातून मिळालेली सूट होय. जेथे कर्तव्यच नाही, तेथे सूटही संभवत नाही.

डिसेंबर 2000 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ही रजा तासांच्या हिशेबाने मोजावी असे ठरले आणि रूढी थांबली. तथापि मागील वर्षांत गेलेल्या दिवसांचा प्रश्न शिल्लक राहिला. न्याय खात्याच्या काही कर्मचाऱ्यांनी तो धसास लावला, आणि 2003 साली फेडरल सर्किट अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. रूढी जुनी आहे, ती विधिमंडळाला ठाऊक होती, तिला हरकत घेतली गेली नाही, या सरकारी युक्तिवादाने न्यायालयाचे समाधान झाले नाही. ते योग्यच होय. दीर्घकाळ चाललेली चूक केवळ दीर्घकाळ चालली म्हणून अर्थ ठरत नाही. दुरुस्ती झाली त्याअर्थी पूर्वीचा कायदा निराळा होता, असे अनुमान कोणी काढील. परंतु दुरुस्ती कधी नियमाचा अर्थ पालटते, तर कधी केवळ नियमाचा चुकीचा व्यवहार सुधारते.

या निर्णयाशेजारी सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल 2025 मधील निर्णय ठेवून पाहणे उद्बोधक ठरेल. तेथे प्रश्न वेतनातील तफावत भरून देणाऱ्या 5538 व्या कलमाचा होता. राष्ट्रीय आणीबाणीच्या काळात झालेली सेवा म्हणजे आणीबाणी चालू असताना झालेली सेवा, की आणीबाणीसाठी झालेली सेवा? न्यायमूर्ती गॉर्सच यांनी बहुमताच्या वतीने पहिला, कालवाचक अर्थ स्वीकारला. पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने तो मान्य झाला.

दोन्ही निर्णय शब्दाच्या प्रचलित अर्थाला धरून आहेत. परंतु त्यांचे बळ सारखे नाही. ‘दिवस’ शब्दाचा अर्थ रजेच्या स्वरूपातूनच निष्पन्न होतो. म्हणून तेथे शब्द आणि हेतू एकमेकांना दुजोरा देतात. दुसऱ्या प्रकरणात इराणसंबंधीची 1979 ची आणीबाणी वर्षानुवर्षे वाढविली गेली असल्यामुळे कालवाचक अट जवळजवळ नेहमीच पुरी होते आणि अट म्हणून तिला फारसे कार्य उरत नाही. अल्पमताच्या शंकेतील तथ्य हेच. तरीही तो दोष वाचणाऱ्या न्यायालयाचा नसून, निवड करू न शकणारा शब्द योजणाऱ्या विधिमंडळाचा आहे. संदिग्धतेची किंमत कोणी मोजावी, हा दोन्ही प्रकरणांतील खरा प्रश्न होता. ज्याने नियम लिहिला नाही आणि ज्याने बोलावणे येताच सेवा बजावली, त्याच्यावर तिचा भार टाकता येत नाही.