तुळस, प्रारणे आणि पुरावा

‘तुळस किरणोत्सर्गापासून रक्षण करते’ हे विधान हल्ली तक्त्यांवर, व्याख्यानांत आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्यांतही आढळते. कडेगावसारख्या गावात दारापुढे वृंदावन असते आणि मोबाइलचा मनोराही दृष्टीस पडतो. त्यामुळे ते लगेच पटते. आमच्या मते या एका वाक्यात तीन निरनिराळी विधाने मिसळली आहेत. त्यांतले एक खरे, एक अपुरे आणि एक चूक आहे.

आधी खरे काय ते पाहू. गॅमा किरण पेशीतील पाण्याच्या रेणूंची मोडतोड करतात आणि त्यातून अतिशय क्रियाशील मुक्त मूलके तयार होतात. ती डीएनएला इजा करतात. हे सारे सेकंदाच्या अत्यल्प भागात घडते. मूलके टिपणारा पदार्थ त्या क्षणी पेशीत हजर असेल तरच इजा कमी होते. १९४९ मध्ये हार्वे पॅट यांनी उंदरांना क्ष-किरणांपूर्वी सिस्टीन टोचले, तेव्हा अधिक उंदीर जगले. तेच नंतर टोचले असता उपयोग झाला नाही. मणिपाल येथे पी. उमा देवी व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात तुळशीच्या अर्काचे असेच प्रयोग केले व उंदरांत संरक्षण आढळले. चीनमधील जिनसेंग आणि हुआंगची या मुळांवरही उंदरांत असे काम झाले आहे.

परंतु ‘उंदरांत आढळले’ आणि ‘माणसाला उपयोगी आहे’ यांत मोठे अंतर आहे. त्या प्रयोगांत मोजून घेतलेला अर्क किरणांपूर्वी उंदरांच्या पोटाच्या पोकळीत टोचलेला होता. सकाळी चार पाने चावणे म्हणजे तो प्रयोग नव्हे. अपघातानंतर प्यालेला काढा तर उशिराच पोहोचणार.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. किरणोपचारासाठी मिरजेला किंवा मुंबईला जाणाऱ्या रुग्णाला नातेवाईक प्रेमाने काढे देतात. पण निरोगी पेशीला वाचवणारा पदार्थ कर्कपेशीलाही वाचवू शकतो. कॅनडात ५४० रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. डोके व मानेच्या कर्करोगावर किरणोपचार चालू असताना ई-जीवनसत्त्व व बीटा-कॅरोटीन मोठ्या मात्रेत दिल्यास त्रास कमी झाला, पण उपचाराचा परिणामही घटत असावा, असे संकेत मिळाले. म्हणून कोणतीही वनस्पती घेण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. भाभा अणुसंशोधन केंद्र व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहभागातून तयार झालेली ‘ॲक्टोसाइट’ गोळी २०२५ मध्ये बाजारात आली. तिलाही मान्यता आहे ती अन्नपूरक म्हणून.

तिसरे विधान मनोऱ्याविषयीचे. मोबाइलच्या सूक्ष्मलहरींत अणूतून इलेक्ट्रॉन उपटण्याइतकी ऊर्जा नसते. त्यांना गॅमा किरणांच्या पंक्तीत बसवणे हीच मूळ चूक आहे. शिवाय कुंडीतले रोप आसपासच्या लहरी ओढून घेत नाही. हे वर्गात सहज दाखवता येईल. चालू फोन तुळशीच्या पाल्यात झाकून ठेवावा आणि दुसऱ्या फोनवरून त्याला रिंग द्यावी. तो वाजला, तर लहरी पाल्यातून पोहोचल्याच. मग तोच फोन ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात दोन-तीन पदरी घट्ट गुंडाळून पाहावे आणि फरक विद्यार्थ्यांनाच सांगू द्यावा.

तुळशीचा मान यामुळे कमी होत नाही. तो गॅमा किरणांवर अवलंबून कधीच नव्हता. असा दावा पुढे आला की शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून चार प्रश्न विचारून घ्यावेत: प्रारणे कोणती? पदार्थ आधी दिला की नंतर? किती आणि कोणत्या मार्गाने? प्रयोग उंदरावर झाला की माणसावर? उत्तरे मिळेपर्यंत ते वाक्य तक्त्यावर लिहू नये.