'साथी' आणि सक्ती : एका शासकीय आदेशाची मीमांसा

शासकीय आदेश हा टीकेचा विषय सहसा मानला जात नाही. तथापि ज्या आदेशाने कोट्यवधी नागरिकांच्या खिशातील वस्तूवर अधिकार सांगितला आणि जो पाच दिवसांत मागे घ्यावा लागला, त्याची भाषा तपासून पाहणे अगत्याचे आहे. ही तपासणी महाड आणि पोलादपूर ह्या तालुक्यांचा अनुभव समोर ठेवून करणे अधिक फलदायी ठरते. कारण सुरक्षेची निकड आणि कागदावरील हक्काचे दुबळेपण ह्या दोहोंची प्रचीती ह्या भूमीने घेतलेली आहे.

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय दूरसंचार विभागाने मोबाइल-निर्मात्यांना आज्ञा केली, की भारतात विकावयाच्या प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये 'संचार साथी' हे ॲप ९० दिवसांच्या आत आधीच बसविलेले असावे. ते प्रथम वापराच्या वेळी सहज दिसावे आणि त्याची कार्ये बंद वा मर्यादित केलेली नसावीत. ह्या ॲपच्या उपयुक्ततेविषयी शंका नाही. चोरीस गेलेला मोबाइल त्याच्या पंधरा अंकी ओळखक्रमांकावरून निकामी करविता येतो, आपल्या नावावर किती जोडण्या घेतल्या गेल्या आहेत ते कळते, फसवणुकीच्या संदेशांविषयी तक्रार नोंदविता येते. परंतु ह्याच सोयी मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळावरही उपलब्ध होत्या. मग वादाचा विषय सोय हा नसून सक्ती हा ठरतो.

'साथी' म्हणजे ज्याची सोबत आपण होऊन पत्करली जाते तो. नाव स्नेहाचे आणि क्रियापद आज्ञेचे, ही विसंगती आदेशात आरंभापासूनच आहे. २ डिसेंबरला दूरसंचारमंत्री ज्योतिरादित्य शिंदे ह्यांनी ॲप काढून टाकण्याची मुभा असल्याचे सांगितले. पण आदेश निर्मात्यांना उद्देशून होता आणि नागरिकाच्या ह्या मुभेचा त्यात उच्चार नव्हता. ३ डिसेंबरच्या निवेदनाने सक्ती रद्द केली. त्याचे कारण असे देण्यात आले, की १.४ कोटी लोकांनी ॲप घेतले आहे, एका दिवसात आणखी ६ लाखांनी नोंदणी केली आहे आणि त्याचा स्वीकार वाढत आहे. हे कारण बारकाईने वाचले पाहिजे. सक्ती अनुचित होती असे निवेदन म्हणत नाही. ती अनावश्यक ठरली एवढेच म्हणते. म्हणजे आदेश गेला, तत्त्व अनिर्णित राहिले. मे २०२० मध्ये 'आरोग्य सेतू' कर्मचाऱ्यांना प्रथम बंधनकारक झाले आणि काही दिवसांतच ती भाषा सौम्य करण्यात आली, तेव्हाही असेच घडले होते.

ह्या वादात मराठीतील 'गोपनीयता' हा शब्दही घात करतो. त्यात लपविण्याचा अर्थ आहे. म्हणून 'लपविण्यासारखे काही नसेल तर भय कशाचे?' हा प्रश्न लगेच उभा राहतो. कोकणातील जुन्या घराची रचना ह्या प्रश्नाचे उत्तर देते. अंगणात कोणीही येतो, ओटीवर पाहुणा बसतो, माजघरात मात्र बोलाविल्याखेरीज कोणी जात नाही. माजघरात काही दडविलेले असते असे नव्हे. तेथे घर आपल्या मर्जीने वावरते. अँड्रॉइड मोबाइलवर हे ॲप कॉल व संदेशांच्या नोंदी, कॅमेरा आणि छायाचित्रे पाहण्याची अनुमती मागते. प्रत्येक अनुमतीचे कारण दिलेले आहे. पण मागणी माजघराचीच आहे. 'खाजगीपण' हा शब्द म्हणूनच अधिक यथार्थ होय.

सुरक्षेच्या बाजूचा युक्तिवाद मात्र हलका लेखता येत नाही. जुलै २००५ मध्ये दासगाव व जुई येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही केवनाळे व सुतारवाडी येथे माणसे गाडली गेली. वीज आणि संपर्क खंडित झाला होता. अशा प्रदेशात वेळेवर आलेली सूचना हाच प्राण. परंतु त्या सूचनेला घरात शिरावे लागत नाही. २०२३ मध्ये देशभर ज्या सेल ब्रॉडकास्ट पद्धतीच्या चाचण्या झाल्या, तिच्यात मनोरा आपल्या कक्षेतील सर्व मोबाइलांना एकच इशारा देतो. तो कोणाचा आहे हे त्यास ठाऊक असावे लागत नाही. ही गावची दवंडीच होय. दवंडी देणारा घरात कोण आहे हे विचारीत नाही. तेव्हा सुरक्षा आणि खाजगीपण ह्यांत अटळ विरोध आहे हे गृहीत चुकीचे ठरते. ज्या कामाला दवंडी पुरते त्या कामासाठी माजघर उघडावयास लावू नये, हाच त्यातील विवेक.

हाच विवेक सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने मांडला. खाजगीपणाचा हक्क मूलभूत आहे. त्यावरील मर्यादेस कायद्याचा आधार, न्याय्य हेतू आणि हेतूच्या प्रमाणातच साधन असले पाहिजे. संकेतस्थळ असताना सक्तीचे ॲप ह्या तिसऱ्या कसोटीस उतरते काय, हे शासनाने सांगावयास हवे होते. उलट २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने शासकीय यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्राकडेच ठेवला आहे.

हक्क घोषित होणे आणि तो हाती येणे ह्यांतील अंतर महाडला नवे नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रहींसह तळ्याचे पाणी प्राशन करीपर्यंत तो ठराव दप्तरातच होता. त्या लढ्याची आणि प्रस्तुत वादाची बरोबरी करणे अप्रस्तुत होईल. बोध तेवढा घेण्याजोगा आहे. काढून टाकण्याची मुभा मंत्र्यांच्या तोंडी आहे, आदेशात नव्हती. सक्ती मागे घेतली गेली, तिचा अधिकार सोडलेला नाही. पुढचा आदेश निघेल तेव्हा त्यात नागरिकाच्या संमतीचे कलम आहे की नाही, हे प्रथम पाहावे लागेल.