कॅमेऱ्यापुढचा ‘पोप’

अँडी वॉरहॉल यांचा ‘चेल्सी गर्ल्स’ (१९६६) हा न्यूयॉर्कच्या ‘अंडरग्राउंड’ चित्रपटांतील बहुचर्चित चित्रपट. सुमारे साडेतीन तास दोन दृश्ये शेजारी शेजारी चालतात. बराचसा भाग कंटाळवाणाच. परंतु एक प्रसंग विसरता येत नाही. ऑन्डीन हा नट, मूळ नाव रॉबर्ट ओलिव्हो, कॅमेऱ्यादेखत अँफेटामिनची सुई टोचून घेतो आणि ‘पोप’ बनून पापनिवेदन ऐकू लागतो. समोरची तरुणी त्याला ढोंगी म्हणते. तो तिच्या थोबाडीत मारतो.

ही संस्काराची विटंबना, असे कोणीही म्हणेल. मला ते पुरते पटत नाही. भूमिका निव्वळ थट्टा असती, तर तो शब्द त्याला इतका झोंबला नसता. माझा आक्षेप कॅमेऱ्यावर आहे. तरुणी मार खात असताना तो चालूच राहिला. पापनिवेदन ऐकणारा गुप्ततेने बांधलेला असतो. येथे ऐकणारे यंत्र सारे जपते, ते चारचौघांत दाखवण्यासाठी. पौर्वात्य कॅथोलिक घरात वाढलेल्या वॉरहॉल यांना हा भेद ठाऊक नव्हता, असे कसे म्हणावे?

पुढे ऑन्डीन हाच चित्रपट घेऊन अमेरिकेतील महाविद्यालयांतून हिंडला. १९८९ साली तो वारला.