सरळ धावणारं विमान

सिम्युलेटरसाठी पहिलं विमान स्वतः बनवायचं ठरवलं की बहुतेक जण आपल्या सगळ्यात लाडक्या विमानाला हात घालतात. मी तेजसला घातला. दोन आठवडे ब्लेंडरमध्ये डेल्टा पंख घासूनपुसून गुळगुळीत केले, शेपटीवर तिरंगा चढवला, स्क्रीनशॉट काढून मित्रांना पाठवले. मग उड्डाणाची फाइल लिहायला बसलो आणि गाडी थांबली. तेजस मुळातच अस्थिर विमान आहे, ते हवेत धरून ठेवतो तो त्याचा संगणक. त्या संगणकाच्या आत काय चालतं हे मला कोण सांगणार? ते फोल्डर अजून लॅपटॉपवर आहे. नाव ‘तेजस_फायनल_२’.

या छंदाबद्दल जे लिहिलं-बोललं जातं ते जवळपास सगळं दिसण्याबद्दल असतं. कॉकपिटमधले रिव्हेट मोजतात, काचेवरचं प्रतिबिंब वाखाणतात. पण सिम्युलेटरमधलं प्रत्येक विमान खरं तर दोन विमानं असतात. एक चित्रातलं, एक गणितातलं. चित्रातलं काढून टाका, गणितातलं तरीही उडतं. गणितातलं काढून टाका, उरतं ते शोकेसमधलं खेळणं. आणि समीक्षा मात्र शोकेसची होते.

मी फ्लाइटगिअर वापरतो. १९९७ पासून स्वयंसेवकांनी वाढवलेला, फुकट आणि मुक्तस्रोत सिम्युलेटर. इथे विमानाला चार गुण द्यायची पद्धत आहे: उड्डाणाचं गणित, यंत्रणा, कॉकपिट आणि बाहेरचं मॉडेल, प्रत्येकी शून्य ते पाच. पूर्ण विमानाचा दर्जा या चारांतला सगळ्यात कमी गुण ठरवतो. सिनेमाच्या परीक्षणांत हा नियम आणला तर निम्मे ‘दृश्यभव्य’ सिनेमे झोपतील. घोळ एकच आहे. हे गुण बनवणाराच भरतो. ऑफिसात सेल्फ-अप्रेझलचा फॉर्म भरलेल्या कुणालाही पुढचं सांगायची गरज नाही.

याच सिम्युलेटरमधलं सेसना १७२ हे मला आजवर भेटलेलं सर्वांत प्रामाणिक मॉडेल वाटतं. दिसायला साधं आहे. पण पंखांना बांधलेले दोर सोडले नाहीत तर ते जागचं हलत नाही. टाकीतल्या पेट्रोलचा नमुना काढून पाणी आहे का ते बघता येतं. बनवणाऱ्यांनी नुसतं विमान नाही, वैमानिकाची सकाळ बनवली आहे. हे त्यांना जमलं, कारण त्यांची चूक काढू शकणारी माणसं जगभर पसरलेली आहेत. १९५५ पासून हे विमान चाळीस हजारांहून जास्त बनलं. त्याचं मॅन्युअल कुठेही मिळतं, त्यावर शिकलेला माणूस कुठेही सापडतो. नवशिक्यांना सगळे सांगतात, ‘पहिलं विमान साधं घे’. सल्ला बरोबर आहे, पण कारण अर्धंच सांगतात. साधं विमान बनवायला सोपं असतं हे ठीकच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमचं चुकलं तर कुणाला तरी ते कळतं.

हे शहाणपण अर्थात नंतरचं. तेजसनंतर मी एचटी-२ घेतलं. स्वतंत्र भारतात आरेखन होऊन १९५१ मध्ये उडालेलं प्रशिक्षण विमान, आरेखन डॉ. विष्णु माधव घाटगे यांचं. गटिंगेनला प्रांटलकडे शिकून आलेल्या या मराठी माणसाचं नाव मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत एकदाही ऐकू आलं नव्हतं. बंगळूरच्या एचएएलच्या म्युझियममध्ये ते विमान बघितलं आणि वाटलं, हेच. एक इंजिन, १५५ अश्वशक्ती. पंखांचा विस्तार पावणेअकरा मीटरच्या आसपास. चाकं आत जात नाहीत. तिसरं चाक शेपटीखाली.

गणितासाठी फ्लाइटगिअरमध्ये मुख्यतः दोन रस्ते आहेत. जेएसबीसिममध्ये वायुगतिकीचे गुणांक तुम्हाला स्वतः द्यावे लागतात. ते माझ्याकडे नव्हते. यासिम जास्त प्रेमळ. त्याला पंख कुठे, किती लांब, वजन किती हे सांगा. उतरतानाचा वेग आणि प्रवासाचा वेग सांगा. मग तो आतल्या आत आकडे हलवत राहतो आणि तुमच्या वेगांशी जुळणारं विमान हातात ठेवतो.

पहिल्या रात्री माझं एचटी-२ शेपूट धावपट्टीत रुतवून नाक आकाशाकडे करून बसलं. यासिममध्ये पुढची दिशा अधिक, चित्राच्या फाइलमध्ये मागची दिशा अधिक. शेपटीचं चाक चित्रात मागे होतं, गणितात नाकाच्याही पुढे. एक वजाचं चिन्ह टाकलं आणि विमान तीन पायांवर उभं राहिलं. ही चूक मला आवडते. ती लपत नाही.

लपणारी पुढे होती. प्रवासाचा वेग मी दिला होता ताशी ११५ मैल. विमान उडवलं, काटा ११५ वर स्थिर. मी खुर्चीवरून उठून नाचलो, खरंच. त्यात काय सिद्ध झालं, हे लक्षात यायला महिना गेला. तो आकडा मीच दिला होता, यासिमने तो मला परत केला. रोज कोड लिहिणाऱ्या माणसाने टेस्टमधलं अपेक्षित उत्तर प्रोग्रामच्याच आउटपुटवरून चिकटवावं आणि सगळं हिरवं दिसलं म्हणून पेढे वाटावेत, तसं. गुणांच्या फॉर्ममध्ये मी उड्डाणासमोर ३ लिहिले.

माझ्या एका मित्राचे आजोबा हवाई दलात होते. त्यांचं सुरुवातीचं शिक्षण एचटी-२ वर झालेलं. मी लॅपटॉप घेऊन पुण्याला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा पुसला, रंग बघितला, ‘छान काढलंयस रे’ म्हणाले. मी उड्डाण करून दाखवलं. त्यांनी पुन्हा करायला सांगितलं.

‘पाय कुठे हलवलेस तू?’

‘पाय नाही आजोबा, रडर कीबोर्डवर आहे. पण लागतच नाही. सरळ जातं.’

‘तेच विचारतोय. सरळ कसं जातं?’

मग त्यांनी टीपॉयवरचा चष्म्याचा डबा बोटाने मागून ढकलून दाखवला. डबा लगेच तिरका झाला. मागे चाक असलेल्या विमानाचं वजन पुढच्या दोन चाकांच्या मागे असतं. नाक जरा वळलं की ते मागचं वजन त्याला आणखी वळवतं. वैमानिकाचे पाय सतत चालू असतात, पायांनीच विमान धावपट्टीवर राहतं. ‘पहिले कितीतरी दिवस आम्ही एवढंच शिकलो,’ ते म्हणाले. माझ्या विमानात ते शिक्षणच नव्हतं.

कारण फाइलमध्ये सापडलं. शेपटीचं चाक मोकळं फिरू द्यायचं तर तसं लिहावं लागतं. मी लिहिलं नव्हतं, म्हणून ते रुळावर बसवल्यासारखं सरळ धावत होतं. प्रोपेलरचा झोत शेपटीला एका बाजूला रेटतो, त्याचीही फाइलमध्ये सोय नव्हती. चित्रातलं चाक मात्र सुंदर होतं, टायरवर नक्षीसुद्धा होती.

एक शब्द, एक आकडा. चाक मोकळं केलं. त्यानंतरच्या सातही प्रयत्नांत विमान गिरकी घेऊन गवतात गेलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा पुण्याला गेलो. आजोबांनी या वेळी स्वतः कीबोर्ड ओढला, कुठलं बटण डावा पाय आणि कुठलं उजवा ते दोनदा विचारलं. तिसऱ्या खेपेला विमान धावपट्टीवर राहिलं, वाकडंतिकडं, पण राहिलं. वर गेल्यावर त्यांनी डावीकडे वळवलं, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘आता स्टॉल चुकलाय.’

फॉर्ममध्ये उड्डाणासमोर आता १ आहे.