पट्टी कापलेली पोस्टरं

जुन्या सिनेपोस्टरच्या संग्राहकांत हल्ली एक खोड बळावली आहे. पोस्टर हाती आलं की आधी त्याची खालची पट्टी कापायची. ही पट्टी म्हणजे गावच्या टॉकीजचं नाव, ‘आजपासून’, ‘रोज ३ खेळ’ आणि शाईच्या पेनाने घातलेली तारीख. वितरकाकडून आलेल्या रंगीत कागदावर टॉकीजवाला ती खळीने डकवायचा. कापणाऱ्यांचं म्हणणं असं, की तिच्यामुळे पोस्टर ‘घाण’ दिसतं, फ्रेममध्ये बसत नाही आणि भाव पडतो. मुंबईतल्या एका प्रदर्शनात अलीकडे अशा तासून गुळगुळीत केलेल्या पोस्टरांची अख्खी भिंत पाहिली. मधुबाला होती, नर्गिस होती, अमिताभ तर तीन ठिकाणी होता. एकाही चौकटीखाली हे पोस्टर कुठून आलं याचा उल्लेख नव्हता. मुंबईत छापलं आणि थेट या भिंतीवर आलं, मधली पन्नास वर्षं घडलीच नाहीत, असा सगळा थाट. हा लेख त्या भिंतीच्या रागातून लिहितो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

या छंदाची मोठी नावं मराठी वाचकाला नव्याने सांगायला नकोत. कोल्हापूर, बाबूराव पेंटर, महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि १९२४ चा ‘कल्याण खजिना’. आज शिल्लक असलेल्या भारतीय सिनेपोस्टरांत सर्वांत जुनं म्हणून त्याच चित्रपटाच्या पोस्टरचं नाव घेतलं जातं. बाबूरावांच्याच हाताखाली तयार झालेले दामले-फत्तेलाल पुढे ‘प्रभात’ घेऊन उभे राहिले. नंतर जी. कांबळे; शिवछत्रपतींच्या सरकारमान्य चित्रामुळे त्यांचा हात घरोघरी पोचला, पण त्यांचं नाव पोस्टरखाली शोधणारे थोडेच. मग दिवाकर करकरे, फोटोवर रंगाचे सुरीने ओढलेले फराटे आणि त्यातून उभे राहिलेले ‘दीवार’, ‘अमर अकबर अँथनी’. हुसेनही एकेकाळी होर्डिंगं रंगवत होते, हे वाक्य आता अशा प्रत्येक लेखात यावंच लागतं. इथेही आलं, सुटलो.

करकऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण ‘दीवार’चं पोस्टर आज इतक्या दिवाणखान्यांत आहे की ते मिळवणं याला खरेदी म्हणावं, संग्रह म्हणू नये. इंग्रजीतली जाडजूड चित्रमय पुस्तकं बघावीत आणि मजकूर सोडून द्यावा. कॉफीच्या दुकानांत लावलेल्या डिजिटल छाप्यांना वॉलपेपर म्हणावं आणि पुढे जावं. २००२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने भारतीय सिनेमाच्या चित्रकलेचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्यानंतर मुंबईत मटण स्ट्रीटवरच्या जुन्या मालाच्या दुकानदारांची भाषाच पालटली. काल ज्याला रद्दी म्हणत होते त्याला ‘ओरिजिनल’ म्हणायला लागले. आणि २००५ मध्ये ‘मेट्रोपोलिस’च्या १९२७ सालच्या एका पोस्टरला ६ लाख ९० हजार डॉलर आले, तेव्हापासून आपल्याकडच्या प्रत्येक माळ्यावर मेट्रोपोलिस दडलेलं आहे असा समज रूढ झाला.

नकली माल ओळखता न येणारे संग्राहकही आता बरेच झालेत, म्हणून दोन शब्द. लिथोचं पोस्टर भिंगाखाली धरलं तर रंगाचा कण ओबडधोबड, खडूने घासल्यासारखा दिसतो. ऑफसेटमध्ये ठिपक्यांची शिस्तशीर रांगोळी दिसते. घरगुती प्रिंटरच्या छाप्यावर नुसता शिडकावा असतो. याहून सोपी खूण तळाशी असते. पोस्टरखाली छापखान्याचा किंवा वितरकाचा पत्ता असेल तर तो वाचा. सहा आकडी पिन कोड देशात १५ ऑगस्ट १९७२ ला आला. तेव्हा ‘मुंबई-४’ ऐवजी ‘मुंबई ४०० ००४’ लिहिलेलं ‘मदर इंडिया’चं पोस्टर १९५७ चं असूच शकत नाही, ते नंतरच्या कुठल्यातरी फेरप्रदर्शनाचं आहे. विकणारा शपथा घेईल. घेऊ द्या. आणि पत्ता असतो कुठे, तर खालच्या कडेला. म्हणजे पट्टी कापताना सुरी जरा वर सरकली, की हा पुरावाही गेला.

आता मला ज्यांचं मनापासून कौतुक आहे त्यांच्याकडे वळतो. असे संग्राहक मोजकेच आहेत, बहुतेक तालुक्याच्या गावांतले, आणि ते नटावरून पोस्टर जमवत नाहीत, सर्किटवरून जमवतात. सिनेमाच्या धंद्याने देशाची वाटणी सर्किटांत, म्हणजे वितरणाच्या विभागांत केली, आणि आमचा बुलढाणा जिल्हा पडला सी.पी. बेरारमध्ये. सी.पी. अँड बेरार हा प्रांत १९५० साली नकाशावरून गेला, वऱ्हाड १९५६ ला मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात आला. सिनेमाच्या वह्यांतून सी.पी. बेरार मात्र हललं नाही. अमरावतीच्या वितरकाकडून फिल्मच्या पेट्या निघायच्या, त्यांच्याबरोबर पोस्टरांचं बिंडोळं. मलकापूरपर्यंत आगगाडी, पुढे राजूरचा घाट चढून बुलढाणा. देऊळघाटसारख्या गावांना सिनेमा म्हणजे एक तर बुलढाणा, नाहीतर यात्रेतला तंबू. प्रिंट शहरातून तालुक्याला, तालुक्यातून तंबूत अशी उतरत यायची, आणि येईपर्यंत तिच्यावर पावसाच्या धारा पडायला लागलेल्या असायच्या. पोस्टरांच्या घड्या झाल्या त्या याच प्रवासात. बिनघडीचं जुनं पोस्टर कुणी दाखवलं तर मी आधी संशय घेतो.

माझ्याकडे ‘सोंगाड्या’चं एक पोस्टर आहे. १९७१ चा हा चित्रपट, त्याची दादरच्या कोहिनूर टॉकीजची हकीकत सगळ्यांना पाठ आहे. पण तो वऱ्हाडात कसा फिरला हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, आणि माझं पोस्टर ते थोडंसं सांगतं. ते भिंतीवर कधी डकवलेलं नाही. फळीवर खिळे ठोकून लावलं, काढलं, पुन्हा लावलं. चारी कोपऱ्यांत भोकांशेजारी भोकं आहेत आणि त्यांच्याभोवती गंजाची तांबूस वर्तुळं. तळाशी एकावर एक तीन पट्ट्या आहेत. सर्वांत खालचीवर फक्त ‘टॉकीज’ एवढं वाचता येतं. मधली गुलाबी कागदाची, ट्रेडलवर छापलेली. जुळाऱ्याकडे मोठ्या टायपातला ‘ळ’ संपला असावा, कारण ‘३ खेळ’मधला ‘ळ’ बारीक खिळ्यातला आहे, शेजारच्या ‘खे’च्या कमरेइतका. सर्वांत वरची पट्टी हाताने लिहिलेली आहे: ‘यात्रेनिमित्त’, आणि खाली ‘स्त्रियांची बसण्याची वेगळी सोय’. दादा कोंडक्यांच्या चित्रपटाला बायका येणार, याची खात्री असलेल्या माणसाने ही ओळ लिहिली आहे. त्या काळच्या वर्तमानपत्री परीक्षणांत ही बातमी शोधून दाखवा.

हिंदी पोस्टरांकडेही असंच पाहता येतं. नाव तीन लिप्यांत: रोमन, देवनागरी आणि उर्दू. देऊळघाटात मराठी आणि उर्दू दोन्ही घराघरांत आहेत. इथे ती उर्दू ओळ नक्षी म्हणून नव्हती, ती वाचून लोक तिकीट काढत. पुढे पुढे ती लहान होत गेली आणि कधी गेली हे कळलंही नाही. माझ्या पाहण्यातल्या काही नव्या छाप्यांत जुन्या पोस्टरवरची उर्दू ओळ संगणकावर पुसलेली होती, ‘डिझाइन मोकळं करण्यासाठी’. हे मोकळं करणं आणि पट्टी कापणं एकाच हाताची कामं आहेत.

यावर संग्राहक ‘कंडिशन’चं नाव पुढे करतात. आपल्या संग्राहकांनी परदेशी लिलावांतून हा शब्द उचलला आणि त्याच्यापुढे डोकं टेकवलं. मिंट, निअर मिंट, व्हेरी फाइन. मिंट पोस्टर म्हणजे काय, याचा विचार करा. पोस्टर छापायचं ते भिंतीला लागण्यासाठी. जे लागलं ते पावसात गळलं, त्याच्यावर दुसरं चढलं, पोरांनी ओरबाडलं, गाईने खाल्लं. मग कोरंकरकरीत उरलं कोणतं? जे वितरकाच्या गोदामातून बाहेरच पडलं नाही, ज्याला कुणी मागितलं नाही. बाजार आज सर्वांत जास्त भाव देतो तो ज्या पोस्टरने आयुष्यात एक दिवसही काम केलं नाही त्याला. शौर्यपदक गोदामातल्या बंदुकीला द्यायचा हा प्रकार आहे.

दुसरा आक्षेप जरा बरा आहे, म्हणून त्याला उत्तर देतो. पट्टीखालच्या खळीमुळे कसर लागते, कागद पिवळा पडतो, म्हणून ती काढावी, असं काही जण म्हणतात. कसर लागते हे खरं. पण कागद पिवळा पडतो तो मुख्यतः स्वस्त लगद्यातल्या आम्लामुळे, आणि ते पट्टी कापून जात नाही. राहिली खळ. टॉकीजवाल्याची खळ गव्हाच्या पिठाची होती. कागदाचे संवर्धक आजसुद्धा शुद्ध केलेल्या गव्हाच्या स्टार्चचीच खळ वापरतात, कारण ती पाण्याने सुटते आणि केलेलं काम उद्या परत उलटवता येतं. म्हणजे पट्टी ओलावून सोडवता येते, मागची कसर साफ करता येते आणि पट्टी होती तिथे परत लावता येते. जाणकार हातांना हे अवघड नाही. कात्री उचलणं सोपं पडतं, एवढंच.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, पण तो सगळ्यांच्या मनात असतो: तालुक्याच्या टॉकीजच्या नावाला काय किंमत? माझं उत्तर असं, की आपल्या सिनेमाचा इतिहास आपण स्टुडिओंचा लिहिला, पाहणाऱ्यांचा लिहिलाच नाही. मूकपटांच्या काळात हजाराहून जास्त चित्रपट झाले, त्यांतले अगदी थोडे आज पाहता येतात. ‘आलम आरा’ची एकही प्रिंट सापडत नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्याला प्रभातच्या जुन्या आवारात आग लागली आणि नायट्रेटच्या जुन्या फिती गेल्या. फिल्म जाते तेव्हा कागद उरतो: पोस्टर, गाण्याचं पुस्तक, हँडबिल. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने १९६४ पासून हा कागदही सांभाळला, पी. के. नायरांसारख्या माणसाने त्यासाठी जन्म घातला, त्याबद्दल आपण सर्वांनी ऋणी असावं. पण माझ्या पाहण्यातल्या बहुतेक खासगी संग्रहांच्या याद्या उघडा. चित्रपट, वर्ष, दिग्दर्शक, आकार, कंडिशन. हे पोस्टर कुठल्या गावात लागलं, याचा रकानाच नाही. मग कोल्हापूर, पुणे आणि मुंबई एवढाच मराठी सिनेमा, असं वाटलं तर नवल काय? ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा फिरत्या तंबूंवरचा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात गाजला तेव्हा आपल्याकडच्या जाणत्यांनी ‘हे अजून आहे?’ म्हणून डोळे विस्फारले. हो, होतं. तुमच्या कापलेल्या पट्टीवर त्याचं नाव होतं.

‘संग्रह माझा, पैसा माझा, काय कापायचं ते मी ठरवेन’ असंही एका संग्राहकाने मला सुनावलं. ठीक आहे. मग ‘सिनेमाचा वारसा जपतो’ असं म्हणू नये. दिवाणखाना सजवतो म्हणावं. त्यात गैर काही नाही. जपणाऱ्याचं पहिलं काम वस्तू जशी हाती आली तशी पुढच्याच्या हाती देणं. सुंदर करणं हे त्याचं काम नव्हे.

वऱ्हाडातल्या वाचकांना एक विनंती. अजून आपल्याकडे लोखंडी पेट्यांच्या तळाशी, फडताळांत, शाळेच्या जुन्या पुस्तकांच्या कव्हरांत ही पोस्टरं निघतात. बंद पडलेल्या टॉकीजच्या मालकांच्या घरी गठ्ठेच्या गठ्ठे पडलेले असतात आणि ते रद्दीच्या भावाने जातात. असं काही सापडलं तर उन्हात वाळवू नका, लॅमिनेशन करू नका, टेप लावू नका. पट्टी कापू नका. मागच्या बाजूला, कोपऱ्यात, मऊ शिसपेन्सिलीने एवढंच लिहा: कुठल्या गावात मिळालं, कुणाच्या घरी, टॉकीजचं नाव आणि आठवत असेल तर वर्ष. मग विकायचं असेल तर विका, पण घेणाऱ्याला आधी विचारा की तो पट्टीचं काय करणार आहे. ‘कापणार’ म्हणाला तर दुसरं गिऱ्हाईक बघा.