शाळेची वास्तू आणि मुलांचे दिशाभान

भिंतींवर पाने-फुले रंगविली, छताला लाटेचा आकार दिला, की शाळेची वास्तू निसर्गानुसारी झाली असे मानण्याचा प्रघात अलीकडे वाढला आहे. त्या वास्तूत मुलाला वाट कशी सापडते, हा प्रश्न मात्र बाजूला पडतो. रानात वाट ओळखू येते ती एखादा वाकलेला वड, एखादा ओढा यांच्या वेगळेपणामुळे. एकसारख्या झाडांची दाटी जाणत्यालाही चकवा देते. वास्तूची परीक्षा या कसोटीवर व्हावयास हवी.

टोकियोजवळील ताचिकावा येथील फुजी बालवाडी (२००७) ताकाहारू व युई तेझुका यांनी लंबवर्तुळाकार योजिली. जागेवरील तीन झेल्कोव्हा वृक्ष न तोडता छतातून वर येऊ दिले. छतावर धावणारे मूल फिरून मूळ जागी येते. मधले अंगण त्याच्या दृष्टीस राहते. हरवण्यास येथे फारसा वावच नाही. तथापि, हरवण्यास वाव नसणे आणि वाट शोधता येणे या दोन भिन्न गोष्टी होत.

डेन्मार्कमधील गेन्टोफ्टे येथील मुंकेगोर शाळेत (१९५७) आर्ने याकोबसेन यांनी एकमजली वर्गांची जाळीसारखी मांडणी करून मध्ये लहान अंगणे सोडली. केवळ आराखडा पाहणारास मूल येथे गोंधळेल असे वाटते. परंतु अंगणांची फरसबंदी व लागवड निरनिराळी असल्याने प्रत्येक अंगण खूण होऊ शकते. आधी खुणा, मग त्यांना जोडणारे मार्ग, अखेरीस समग्र नकाशा, असा क्रम सीगल व व्हाइट यांनी १९७५ मध्ये मांडला. त्याचा काटेकोरपणा पुढे विवाद्य ठरला. खुणांचे महत्त्व मात्र टिकून आहे.

फुजीत नकाशा आयता मिळतो. तीन ते सहा वर्षांच्या बालकांस तेच योग्य. मुंकेगोरमध्ये तो मुलाने स्वतः रचावयाचा असतो. मोठ्या मुलास हे श्रम हितकर होत. म्हणून एका शाळेचा आकार दुसरीत उचलून ठेवणे हे अनुकरण होय, विचार नव्हे. वयानुरूप खुणा वाट फुटते तेथेच दिसाव्यात. शाळेत नव्याने आलेले, विचारण्यास संकोचणारे मूल आपला वर्ग एकट्याने गाठते, तेव्हाच ती वास्तू सफल झाली असे म्हणावे.